सत्तर रुपयांचं भांडण, चार हजारांचा खाऊ

सांगलीहून आलेलं पत्र थोडक्यात असं आहे :

‘आम्ही गावभागात राहतो. घरात पाच माणसं. सासूबाई, आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. हे कुपवाड एमआयडीसीत कामाला आहेत, मी एका शाळेच्या ऑफिसात अर्धा दिवस जाते. दूध आणि भाजी सोडून नुसत्या किराण्याला महिन्याला तेरा हजारांच्या वर जातात. सासूबाई म्हणतात, पूर्वीसारखं वर्षाचं धान्य भरा, पीठ गिरणीतून आणा. २०१९ च्या पुरात आमची गव्हाची पोती गेली, तेव्हापासून आम्ही भरणं बंद केलंय. ह्यांचं म्हणणं, मार्टमध्ये सगळं छापील किमतीपेक्षा कमीत मिळतं, तिथूनच घ्यायचं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं खातं बंद करायचं. रोज यावरून शब्दाला शब्द. दोघांत बरोबर कोण? जूनची सगळी बिलं आणि खात्याच्या वहीचा फोटो पाठवतेय. ता.क. : यंदा थोडा गहू आणलाय. त्यात टाकायला सासूबाईंनी दुकानातून गोळ्या आणायला सांगितल्यात. टाकू का?’

ताई, बिलं पाठवलीत हे फार चांगलं केलंत. नाहीतर असल्या पत्रांना उत्तर देताना मी वाऱ्यावर बोलते आणि वाचणारीही ते वाऱ्यावर सोडून देते. तुमची बिलं मी ओळ न् ओळ वाचली. मार्टचं बिल ७,६४० रुपयांचं, दुकानदाराचं खातं ३,९८० आणि फोनवरून मागवलेलं १,८६०. सगळे मिळून १३,४८०.

हे झाले दुकानांप्रमाणे आकडे. मी तेच सामान दुकान विसरून, ते घरात कशासाठी आलं त्याप्रमाणे पुन्हा मांडलं. धान्य, डाळी, तेल, साखर, चहा, मीठ-मसाला, म्हणजे ज्याला आपण शिधा म्हणतो तो, ६,१५० रुपयांचा. साबण, कपड्यांची पावडर, भांड्याचं आणि फरशीचं मिळून १,७२०. बिस्किटं, वेफर्स, नूडल्स, सॉस, कोल्ड्रिंक, चॉकलेट आणि तयार फरसाण ४,१३०. उरलेले १,४८० रुपये कशाचे, तर प्लास्टिकचे डबे, कपांचा सेट, एक चादर आणि पायपुसणी.

आता तुमच्या घरातलं भांडण कशावरून चाललंय ते बघा. पीठ गिरणीचं की पाकिटाचं? तुम्ही पाच किलोच्या दोन पिशव्या आणता, एक २४५ रुपयांना, म्हणजे किलोला ४९ पडले. गहू तुम्हाला ३७ ने मिळालाय आणि तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे दळायचे किलोला पाच, म्हणजे ४२. महिन्याला दहा किलोत फरक सत्तर रुपयांचा. या सत्तर रुपयांसाठी तीन मोठी माणसं रोज तोंडं फुगवून बसतात आणि चार हजारांच्या खाऊबद्दल पत्रात अवाक्षर नाही! सासूबाई त्याचा विषय काढत नाहीत, कारण तो नातवंडांचा आहे. तुमचे मिस्टर काढत नाहीत, कारण तो ट्रॉलीत तेच टाकतात. आणि तुम्ही काढत नाही, कारण संध्याकाळी थकून आल्यावर नूडल्सच तुम्हाला तारतात. तिघांचंही मला कळतं. पण पैसे तिथं आहेत.

तेव्हा बरोबर कोण, याचं उत्तर असं की सासूबाई मापात बरोबर आहेत, तुमचे मिस्टर साबणात बरोबर आहेत आणि खातं बंद करायची गरज नाही. आता एकेक घेऊ.

आधी माप. तुमच्या बिलांतून एक गोष्ट उघड दिसते. घरात महिन्याला काय किती लागतं हे कुणालाच नक्की माहीत नाही. मार्टमधून साखर दोन किलो आली, मग खात्यावर पाव किलो, पुन्हा पाव किलो, असं चारदा. तेलाचं तर बघण्यासारखं आहे. तुम्ही चार पिशव्या घेतल्यात, मनात हिशेब चार लिटरचा. बिल पुन्हा काढून बघा, त्यावर ७५० ग्रॅम लिहिलंय. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे ७५० ग्रॅमची पिशवी सव्वाआठशे मिलीच्या आसपास. चार पिशव्यांत तेल आलं सव्वातीन लिटर. मग पंधरा तारखेनंतर खात्यावर अर्ध्या लिटरच्या पाच पिशव्या. ‘मार्टमध्ये तेल स्वस्त’ म्हणताना पिशवीची तुलना पिशवीशी झाली, तेलाची तेलाशी झालीच नाही. तेलाच्या पाकिटांची ठरावीक मापं पाळायचं बंधन आता राहिलेलं नाही, त्यामुळे ७५०, ८००, ८५०, ९१० असं काहीही येतं आणि पिशवी दिसते तेवढीच. मात्र पाकिटावर एका ग्रॅमला, मिलीला, किलोला किंवा लिटरला किती पडतात ते छापणं आता सक्तीचं आहे. अक्षर बारीक असतं, छापील किमतीच्या आसपास शोधा. तेवढी एक ओळ वाचायची सवय लागली की ‘एकावर एक’चा निम्मा जोर तिथंच उतरतो. डबा घेणार असाल तर पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा ते आधी विचारा. पंधरा लिटरच्या डब्यात तेल पावणेचौदा किलोसुद्धा भरत नाही.

आणि मुळात महिन्याला पावणेसहा लिटर तेल पाच माणसांना, त्यात दोन मुलं, हे जास्तच आहे. माणशी पाऊण लिटर धरलं तरी पावणेचारात भागायला हवं. हे मी डॉक्टरीणबाई म्हणून सांगत नाही, पैशापुरतं सांगतेय.

आता सासूबाईंकडे कागद-पेन घेऊन बसा. ‘आमच्या वेळी इतक्यात भागायचं’ हे त्यांचं वाक्य तुम्हाला टोचतं, असं पत्रात लिहिलंय. टोचू दे, पण त्याच्या आत माहिती आहे ती काढून घ्या. ज्वारी किती, गहू किती, तूरडाळ किती, गूळ किती, शेंगदाणे किती, हे त्यांना मापट्यात पाठ असेल. तो आकडा आजच्या माणसांना लावा. मुलं भाकरी खात नाहीत तर ज्वारी कमी करा, पोहे-रवा जास्त जातो तर वाढवा. ही झाली तुमच्या घराची यादी. ती एकदाच करायची आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवायची. दर महिन्याला डबे उघडून काय शिल्लक आहे ते यादीतून वजा करायचं आणि उरेल तेवढंच आणायचं. दुकानात उभं राहून ‘आणखी काय बरं?’ असं आठवत बसलात तर दुकानच तुम्हाला आठवण करून देतं.

वर्षाचं भरणं. इथं मी सासूबाईंच्या पूर्ण बाजूची नाही. समजा मार्चमध्ये गहू किलोला पाच रुपये स्वस्त मिळाला आणि महिन्याला बारा किलो लागला, तर वर्षाला सातशेवीस रुपये वाचले. त्यातून कीड लागून दहा किलो गेला की निम्मे गेले. शिवाय तुमचं घर गावभागात, तळमजल्यावर. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला कृष्णा कुठवर आली ते तुम्हाला मी सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये घरात धान्य जितकं कमी तितकं बरं. म्हणून वर्षाचं न भरता गहू आणि ज्वारी मार्च-एप्रिलमध्ये जुलैअखेर पुरेल इतकीच घ्या. ऑगस्ट-सप्टेंबर लागेल तसं दहा-दहा किलो आणा आणि दसऱ्यानंतर पुन्हा एकदा भरा. तुमच्याकडे माळा असेल तर पत्र्याच्या पिंपात थोडं वर ठेवता येईल, पण पोतं खाली नको.

वर्षाचं भरायला खरोखर परवडतं ते वेगळंच सामान आहे. चटणी, म्हणजे वर्षाचं लाल तिखट, आणि हळद. सांगलीत राहून हळदीची शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं तुमच्या बिलात बघून मला हसू आलं. ज्या गावच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथं हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली पोतीच्या पोती हळद ठेवायची रीत होती, तिथली सून हळद पाकिटातून घेते! फेब्रुवारीपासून नवी हळद बाजारात यायला लागते. उन्हाळ्यात दीड किलो हळकुंड आणून कांडपावर दळून घ्या, पाच माणसांचं वर्ष निघतं आणि भेसळीची धास्ती नाही. चटणीचंही तसंच. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, आणि मे संपायच्या आत कांडप उरकायचं. मिरची घेताना ओलसर लागली तर वजनात पाण्याचे पैसे जातात, म्हणून हातात कुस्करून बघा. बरणीत मध्ये मध्ये हिंगाचे खडे. ही गोष्ट सासूबाईंच्या हातची आहे, त्यांच्याकडेच सोपवा. पण मिरची निवडायला आणि डबे उचलायला घरातला पुरुष आणि आठवीतला मुलगा दोघंही हवेत. बचतीच्या गप्पांत बाईच्या कमरेचा हिशेब कुणी धरत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. याच कारणासाठी, गिरणीच्या चकरा तुमच्याच अंगावर पडणार असतील तर पाकिटाचं पीठ खुशाल आणा. सत्तर रुपये काही घर बुडवत नाहीत. तुमचे मिस्टर ड्युटीवरून येताना दळण आणणार असतील तर गोष्ट वेगळी.

मार्चमध्ये एकदम पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येईल. भिशी असेल तर तुमचा नंबर मार्च-एप्रिलमध्ये मागून घ्या. नसेल तर बँकेत दरमहा पाचशेची आवर्ती ठेव पुरते. यासाठी उधार-उसनवार मात्र नको, व्याज भरून स्वस्त गहू घेण्यात काय हशील?

डाळी. तुमच्याच कागदांवर मार्टची चकचकीत पाकिटातली तूरडाळ १६५ रुपये किलो आहे आणि त्याच महिन्यात खात्यावर सुटी अर्धा किलो ६२ ला. म्हणजे किलोला एकेचाळीस रुपयांचा फरक, आणि तीन किलो लागते. त्यातला काही भाग कराचा आहे. पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर २५ किलोपर्यंत १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे, पोत्यातून मोजून दिलेल्या सुट्या मालावर नाही. तांदळाचे २६ किलोचे कट्टे का निघाले ते आता लक्षात येईल. बाकीचा फरक पाकिटाचा आणि नावाचा. सुटी डाळ आधी अर्धा किलो आणून शिजवून बघा, शिट्ट्या जास्त लागत असतील तर गॅस जाळून डाळ स्वस्त करण्यात अर्थ नाही. चांगली निघाली की गणपती पेठेत जाऊन एकदम घ्या. तुमच्या घरापासून गणपती पेठ काही लांब नाही. शेजारच्या दोन घरांनी मिळून तांदळाचा कट्टा किंवा शेंगदाणे घेतले तर दर आणखी उतरतो, फक्त वाटणी त्याच दिवशी वजनकाट्यावर करा. शेजार टिकवायचा असेल तर ‘अंदाजे’ नको.

साबण, पावडर, टूथपेस्ट, फिनेल याला मार्ट चांगलं. टिकणारा माल, छापील किमतीवर खरी सूट, दोन महिन्यांचा एकदम आणला तरी खराब होत नाही. तिथंही मोठं पाकीट म्हणजे स्वस्तच असं समजू नका. शाम्पूची एकेक रुपयाची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा मिलीला स्वस्त पडते. आणि एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला. त्याआधीच्या बिलाशी तुलना करून ‘बघ, मार्टमुळे किती वाचले’ असं कुणी म्हणालं तर त्यातलं थोडं श्रेय सरकारला द्यावं लागेल.

मार्टचं दुखणं सामानात नाही, तिथं जाण्यात आहे. चौघं रविवारी संध्याकाळी जाता. मुलांना ती जत्रा, तुम्हाला दोघांना एसीतली दोन तासांची उसंत. मग ट्रॉली भरते. चादर, कपांचा सेट आणि ‘बाय वन’चा सॉस, जो तुमच्या घरी मेपासून पडून आहे असं तुम्हीच समासात लिहिलंय. तिथं दोन महिन्यांतून एकदा, एकाच माणसानं, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, जेवून, यादी घेऊन जावं. तुमचे मिस्टर गेले तर उत्तम. आणि रविवार मुलांचा काढून घेऊ नका. आमराई आहे, हरिपूरला संगमेश्वर आहे, नदीकाठ आहे. येताना एकेक भेळ खाल्लीत तरी ट्रॉलीपेक्षा फार स्वस्तात सुटाल.

खाऊ निम्म्यावर आणा, शून्यावर नको. शून्यावर आणलेला खाऊ तिसऱ्या आठवड्यात खात्यावरून येतो. वहीच्या फोटोत ‘चॉ. २०’, ‘वेफर १०’ अशा नोंदी मी मोजल्या, बावीस भरल्या. मुलं शाळेतून येताना ‘काका, लिहून ठेवा’ म्हणतात, बरोबर? दुकानदाराला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, मुलांच्या हाती उधार द्यायचं नाही. आठवीतल्या मुलाला आठवड्याचे ठरावीक पैसे हातात द्या, त्यात त्यानं बहिणीलाही भागवायचं. पैसे स्वतःच्या खिशातले झाले की दहाच्या वेफरकडे पोरं निराळ्या नजरेनं बघतात. घरात डबा भरलेला हवा तर भडंग करा. सांगलीकरांना ते मी शिकवणं म्हणजे आगाऊपणा, पण तयार भडंगाची दोन पाकिटं बिलात होती म्हणून म्हणते. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तेल आणि तुमची घरची चटणी, अर्ध्या तासात आठवड्याचा डबा होतो. परतायला मिस्टरांना उभं करा.

दुकानदाराचं खातं. ते बंद करू नका. पुरानंतर, लॉकडाऊनमध्ये कुणी माल दिला ते तुम्हाला माहीत आहे. पण खात्याला मर्यादा घाला, समजा दीड हजार, आणि ते त्यालाही सांगा. वही महिनाअखेरीला न बघता दर रविवारी बघा. सुटी डाळ, गूळ, शेंगदाणे, पोहे त्याच्याकडूनच घेत जा, मग त्यालाही तुमचं खातं परवडेल. फोनवरून मागवणं मात्र बंद केलंत तरी चालेल. १,८६० मधले १४५ रुपये नुसते पोचवण्याचे आणि हाताळणीचे आहेत आणि मोफत पोचवण्यासाठी आकडा गाठायला म्हणून घेतलेला मेयोनीज कुणी खाल्ला ते मला कळवा.

भाजीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी शनिवारच्या बाजारापुरतं एकच सांगते. ‘पाव वीस, किलो साठ’ हा दर ऐकून किलो घ्यायचा तो फक्त कांदा-बटाटा आणि टिकणाऱ्या भाजीचा. मेथी स्वस्त आहे म्हणून चार जुड्या आणायच्या असतील तर त्या रात्री निवडायला कोण बसणार ते आधी ठरवा.

यातलं निम्मं जरी जमलं तरी दोन हजारांच्या आसपास वाचतील असा माझा हिशेब आहे. त्यातले पहिल्या महिन्याचे पैसे तुम्ही स्वतःसाठी ठेवा.

आता गोळ्या. नाही. हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवा. दुकानात धान्यात टाकायला म्हणून ज्या राखाडी गोळ्या मिळतात, त्या बहुतेक ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या दमटपणानं त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो, बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावलेली आहेत. त्या गोदामात, माहितगार माणसानं वापरायच्या. आणल्याच असतील तर हात न लावता, पाकीट न फोडता दुकानदाराला परत करा. पोतं आधीच उघडून टाकल्या असतील तर सगळ्यांनी घराबाहेर पडा, दारं-खिडक्या उघडी टाका आणि पोत्याला कुणीही हात न लावता अग्निशमन दलाला कळवा. कुणाला मळमळ, चक्कर किंवा श्वासाचा त्रास झाला तर थेट सिव्हिल गाठा. तो गहू खाऊ नका. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. तुमचा गहू साठ किलोच आहे. कडकडीत उन्हात वाळवून, थंड झाल्यावर, कडुलिंबाचा सुकलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. ऊन नसेल तर चाळून, किलोला चमचाभर एरंडेल चोळून ठेवा, दळायच्या आधी पुसून घ्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हात घालून बघा. गहू गरम लागला किंवा पीठ पडलेलं दिसलं तर त्याच दिवशी चाळून थेट गिरणीत पाठवा.